इंजिनाची ओटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जीपच्या मागच्या चाकाला वीट लावली. मी जीप फाटकातून अंगणात घेतली, ती आधीच खाली उतरून उभी होती. जीप थांबली तशी तिनं पायानं वीट चाकाखाली सारली आणि ओरडली, "लागली!" आमच्या जीपचा हँडब्रेक कधी धड चालला नाही. दुरुस्त केला की चार दिवस चालायचा, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून वीट. पंचवीस वर्षांत ती "लागली" म्हणल्याशिवाय मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

त्या संध्याकाळी वीट लावून ती आत गेली नाही. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. बॉनेट तापलेलं होतं.

"काय ठरलं मग?" मी विचारलं.

"आत्ता नाय. सकाळी गार असताना ऐकते, मंग सांगते."

सांगायचं राहिलं. सकाळ व्हायच्या आधीच ती गेली.

मुलगा म्हणतो, बाबा, आईबद्दल काहीतरी लिहून ठेवा. मी त्याला म्हणालो, मी चौथी शिकलेला, मला फार तर गाडीचं लिहिता येईल. तो म्हणाला, मग गाडीचं लिहा. तर हे गाडीचं आहे.

तिचं नाव मथुरा. माहेर घोटीच्या पलीकडं, भाताच्या रानातलं. मी आधी त्या रस्त्याला पॅसेंजर मारायचो. पुढं परमिट संपलं, तेव्हा तीच म्हणाली, माणसं वाहण्यापेक्षा तांदूळ वाहू, तांदूळ भांडत नाय. मग आठवड्यातून दोनदा तिच्या गावाकडून पोती भरायची आणि नाशकातल्या कॉलन्यांमधून दारोदार विकायची. मी गाडी चालवायचो, ती पुढं माझ्याशेजारी मापटं मांडीवर घेऊन बसायची. बायका दारात आल्या की तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारून दाखवायची. "शिजवून बघा, नाय आवडला तर भात परत आणून द्या," म्हणायची. कोणी कधी भात परत दिला नाही.

गाडीत जिथं हात घालावा तिथं तांदूळ. सीटखाली, डॅशबोर्डच्या फटीत, पायाच्या रबराखाली. नाशकात द्वारका चौकाजवळ रशीद मिस्त्रीचं गॅरेज आहे, तो पहिल्यापासून आमची गाडी बघतो. तो म्हणायचा, "दादा, बाकी गाड्यांतून बोल्ट पडतात. तुमच्या गाडीतून खिचडी पडते."

इंजिन ऐकायचं कसं हे तिनं रशीदकडूनच उचललं. तो लांब पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचा. आत कुठं काय वाजतंय ते त्यातून ऐकू येतं. एक दिवस हिनं घरचं लाटणं आणलं आणि एक टोक इंजिनावर, एक टोक कानाशी. गॅरेजातली पोरं हसायला लागली.

"काय भाभी, इंजिनाच्या पोळ्या लाटता का?" रशीद म्हणाला.

"तुझा पेचकस लोखंडाचा. लोखंड लोखंडाचीच बाजू घेणार," ही म्हणाली. मग थोडा वेळ ऐकून म्हणाली, "तिसऱ्यात कायतरी हाय. बाकी तिघं बोलतात, हा खोकतो."

रशीदनं उघडून पाहिलं. तिसरं नोझल खराब होतं. त्यानंतर गॅरेजात कोणी हसलं नाही. पुढं पुढं तर तो फोन करायचा, "दादा, भाभीला घेऊन या, एक गाडी ऐकायची आहे."

ते लाटणं मग गाडीचंच झालं. तिनं त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला, म्हणजे घरच्या लाटण्यात मिसळू नये. तरी एकदा मिसळलंच. मुलाला पाहुणे बघायला आले होते, त्या दिवशीच्या पोळ्यांना डिझेलचा वास. मुलीचे वडील दोन घास खाऊन थांबले. ही म्हणाली, "खावा, खावा. गाडीवाल्याचं घर हाय, आधीच कळलेलं बरं." ते लग्न जमलं. आमची सून अजून ते सांगते.

तिचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. एकदा "आत टकटक हाय, टकटक हाय" म्हणून तिनं आठ दिवस माझं डोकं खाल्लं. रशीदनं अर्धं इंजिन उघडलं. काही सापडेना. शेवटी सीटखाली तिचंच मापटं जॅकला लागून वाजत होतं. रशीदनं मापटं उचलून तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं, पदरानं पुसलं, आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्या दिवसाचा विषय घरात काढायची मला बंदी होती. आता काढला.

आता ओटीचं सांगतो.

जीप घेऊन सहा-सात वर्षं झाली असतील. विल्होळीच्या चढाला इंजिन जाम झालं. टो करून द्वारकेला आणलं. रशीद म्हणाला, फुल इंजिन काम. म्हणजे इंजिन खाली उतरवायचं, सगळं खोलायचं, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, आतून घासून बोअर करायला दुसऱ्या कारखान्यात पाठवायचं, मग नवे पिस्टन घालून पुन्हा जोडायचं. दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवणार म्हणून मी सकाळी गॅरेजात गेलो, तर ही मागून रिक्षानं आली. हातात ताट. ताटात नारळ, खण, हळदकुंकू आणि तांदूळ.

मी विचारलं, "हे काय?"

"माहेरी चालली ती. रिकामी पाठवू?"

"इंजिन हाय ते मथुरा. लोखंड हाय."

"तुमच्या आईनं मला पहिल्यांदा माहेरी पाठवलं, तवा ओटी भरूनच पाठवलं ना? का, तर परत यावी म्हणून. ओटी भरून पाठवलेली बाई परत येते."

हिनं इंजिनाला हळदकुंकू लावलं, खण ठेवला, आणि दोन्ही हातांनी ओंजळभर तांदूळ वाहिले. रशीदच्या पोरांनी तोवर एअर क्लीनर काढून ठेवलेला. जिथून इंजिन हवा ओढतं ते तोंड उघडं होतं. निम्मे तांदूळ त्या तोंडात गेले.

रशीदनं कपाळावर हात मारला. "या अल्लाह! भाभी, ये क्या किया?"

"काय झालं? तोंडात घास गेला," ही म्हणाली.

तसंही सगळं खोलायचंच होतं, म्हणून नुकसान झालं नाही. पण चार दिवसांनी बोअरच्या कारखान्यातून रशीदला फोन आला, तुम्ही या गाडीत डिझेल टाकता का धान? रशीद हा किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. इंजिन जोडून परत जीपमध्ये बसलं त्या दिवशी ही पुन्हा ताट घेऊन हजर. माहेराहून आलेलीची ओटी भरतात ना. रशीद धावत आला आणि दोन्ही हात पसरून इंजिनाच्या पुढं उभा राहिला. "थांबा भाभी! आधी बॉनेट लावू द्या!" बॉनेट दाबून बसवलं, वरून एक थाप मारली, आणि म्हणाला, "हां, आता टाका."

तेव्हापासून ती रीतच पडली. गाडीचं मोठं काम निघालं की ताट यायचं आणि रशीद बॉनेट लावून उभा राहायचा. फक्त एकदा तिनं ओटी भरली नाही. आमची जुनी मोपेड विकली तेव्हा. कुंकू लावलं, नारळ फोडला, पण तांदूळ नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ती परत यायची नाय. तिला कशाला आशा लावू?"

फुल काम झाल्यावर इंजिन पळवायचं नसतं. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हळू चालवायचं. रशीद म्हणाला, चाळीसच्या वर जाऊ नका. मी हो म्हणून विसरलो. ही विसरली नाही. तिचं म्हणणं, नवी सून आणि नवं इंजिन, दोघांना पहिल्या महिन्यात दामटायचं नाही. त्याच महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न कळवणला. सकाळी लवकर निघालो, तरी काय, चाळीस म्हणजे चाळीस. काट्यानं रेघ ओलांडली की ही माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. ट्रकांनी आम्हाला ओलांडलं, एसट्यांनी ओलांडलं. दिंडोरीच्या पुढं कांद्याच्या ट्रॅक्टरनं ओलांडलं. ट्रॅक्टरवाला मागं वळून हसला. मला इतकी शरम वाटली की मी म्हणालो, "मथुरा, आता पन्नास करतो."

"करा. मी उतरते. चालत येते, तुमच्या आधी पोचंन."

आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पहिली पंगत उठली होती. माझा भाऊ वर्षभर बोलला नाही माझ्याशी. परतताना मी खूप बडबड केली. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "लग्न काय, अजून चार पोरी हायेत घरात, परत बघायला मिळंल. इंजिन मला कुठून मिळणार?"

ते इंजिन मग अठरा वर्षं चाललं. अठरा वर्षं. हे मी भावालाही ऐकवलं.

मधे एकदा धूर मारायला लागलं, तेव्हा मी म्हणालो, जुनं काढू, भंगार बाजारातून दुसरं चालू इंजिन आणून बसवू. ही तयार झाली, म्हणाली, चला बघू तरी. आम्ही एका यार्डात गेलो. मालक गोड बोलणारा. इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर मांडलेलं, धुऊन पुसून चकचकीत. त्यानं एका झटक्यात चालू करून दाखवलं. धूर नाही, खडखड नाही. मी तर पसंतच केलं होतं. ही मात्र पुढं झाली नाही. तिथल्या पोरानं दिलेला चहा हातात तसाच.

ती म्हणाली, "दादा, तुम्ही चालू करायच्या आधीच मी हात लावून बघितला होता. तापलेलं होतं. आम्ही यायच्या आधी कितीदा चालू केलं?"

मालक म्हणाला, "मावशी, असंच चेक केलं."

"पाव्हणे यायच्या आधी पोरीला पावडर लावतात तसं. आम्ही उद्या येतो. सकाळी. मी हात लावीपर्यंत कोणी हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर इंजिन "विकलं गेलं". ही हसली. जीपमध्ये बसताना मला म्हणाली, "तापलेलं इंजिन गोड बोलतं. खरं काय ते गार असताना कळतं. माणसाचंही तसंच." मी विचारलं, मी गार असताना कसा असतो? "तुम्ही कधी गार होताच कुठं," म्हणाली.

तेव्हापासून तिचा नियम. गाडीचा कोणताही मोठा निर्णय सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, लाटणं लावून. आधी ऐकणार, मग बोलणार.

मुलानं पुण्यात नवी गाडी घेतली, तेव्हा तिला फिरवून आणलं. उतरल्यावर म्हणाली, "चांगली हाय बाबा. पण आवाजच नाय. जिवंत हाय का नाय ते कळायचं कसं?" मुलगा नेहमी म्हणायचा, आई, ती जीप भंगारात द्या आता, तुमचं वय झालं, गाडीचं वय झालं. ती त्याला म्हणायची, "मंग दोघांना भंगारात दे. एकाच फेरीत."

आता त्या दिवसाचं.

दोन महिने जीप ऑइल खात होती. चढाला दम नव्हता, मागं निळा धूर. आम्ही द्वारकेला रशीदकडं गेलो. रशीद आता म्हातारा झालाय, स्वतः खाली वाकत नाही, पोरांना सांगतो. त्या दिवशी मात्र वाकला. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं, तर तिथून धुराचे भपकारे. त्यानं झाकण परत फिरवून लावलं. मग म्हणाला, "दादा, तीन रस्ते आहेत. एक, पिस्टनच्या रिंगा बदलतो. वरवरचं काम, वर्षभर ढकलू. दोन, फुल काम. पण मागच्या वेळी बोअर करून ब्लॉक पातळ झालाय, आता आत स्लीव्हची नवी नळी ठोकावी लागेल. पंधरा-वीस दिवस लागतील, आणि ब्लॉकनं साथ दिली पाहिजे. तीन, मालेगावला एक इंजिन आलंय, माझ्या ओळखीतलं. दोन दिवसांत बसवून देतो, पण उद्यापर्यंत सांगा. हे जुनं मग भंगारात."

मला तिसरा रस्ता हवा होता. मी स्पष्टच सांगतो. मला आता गॅरेजाच्या चकरा होत नाहीत. वीस दिवस गाडी बंद म्हणजे वीस दिवस तांदूळ बंद. परत येताना मी जीपमध्ये तेच बोलत होतो. लोखंडच ते, मथुरा. हे गेलं, दुसरं आलं. तेही पळतंच ना.

ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ते पळंल. पण त्याच्याबरोबर मी पंचवीस वर्षं बसले नाय."

"मग फुल काम करू का? बोल."

"मी कुठं म्हणलं? ब्लॉक पातळ झालाय म्हणतो रशीद. ते परत येईल का ते बघायला पाहिजे. उगाच ओटी भरून पाठवायचं आणि तिकडंच तडकायचं. सकाळी ऐकते."

घरी आलो. वीट लावली. "लागली!" मी सांगितलंच ते.

जेवण झालं. तिनं भांडी घासली, लाल दोऱ्याचं लाटणं फळीवरून काढून सकाळसाठी दारापाशी ठेवलं, आणि उंबऱ्यावर बसली. छातीत दाटतंय म्हणाली. मी शेजारच्याची रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. जीपच्या इंजिनाला तीन रस्ते होते. हिला एकही नव्हता.

सकाळपर्यंत मुलगा-सून पुण्याहून आले, माणसं जमली. तिला आत खोलीत झोपवलं होतं. माझी थोरली बहीण, आक्का, बायकांना काय काय करायचं ते सांगत होती. सवाष्ण गेली, भाग्याची, हिरवी साडी नेसवा, ओटी भरा. मी दारात उभा होतो.

"तिची कशाला भरता?" मी म्हणालो.

"असं काय बोलतोस? सवाष्ण हाय. भरायलाच पाहिजे."

बायकांनी खण घातला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. तिच्याच डब्यातले तांदूळ होते.

मुलगा बाहेरून आला. "बाबा, अंगणातून जीप काढावी लागेल. तिरडी बांधायला जागा नाही."

"मी काढतो."

"मी काढतो ना."

"तुला वीट माहीत नाय," मी म्हणालो.

निघताना दारापाशी लाटणं दिसलं. ते घेतलं. बॉनेट उघडलं. इंजिनाला हात लावला, रात्रभरानं गार पडलेलं. मुलाला म्हणालो, तू फक्त चावी फिरव. तीन झटके घेतले इंजिनानं, मग लागलं. मी लाटणं इंजिनाला टेकवलं, दुसरं टोक कानाला. अंगणातली माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी हळूच म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आक्का खिडकीतून ओरडली, "अरे, घरात काय पडलंय आणि तू काय करतोस?"

पस्तीस-चाळीस वर्षं गाडी चालवून माझे कान गेलेत. मला त्यात खडखड ऐकू आली, बाकी काही नाही. ती काय ऐकायची ते मला कधी कळलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. लाटण्याच्या टोकाला, जिथं ती कान लावायची तिथं, तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. मी तसाच उभा राहिलो. इंजिन थोडं तापल्यावर खडखड कमी झाली, गोड बोलायला लागलं. तेव्हा मी मुलाला म्हणालो, बंद कर.

फाटकाशी रशीद उभा होता. डोक्यावर टोपी, गॅरेजातल्या एका पोराचा आधार घेतलेला. तो जवळ आला.

"भाभीनं काय सांगितलं होतं?"

"सांगायच्या आत गेली. मी सांगतो. फुल काम कर."

"ब्लॉकची खात्री नाही देत दादा मी. तडकला तर?"

"तडकू दे. तू पाठव."

तो मान हलवून गाडीकडं वळला. मी आत गेलो. तिच्या उशाशी ताट होतं, उरलेल्या तांदळाचं. त्यातली ओंजळ भरून घेतली. आक्कानं माझा हात धरला. "सुतकात? आणि पुरुषमाणूस ओटी भरतो का कुठं?"

"सोड, आक्का."

मी ओंजळ घेऊन बाहेर आलो. रशीदनं मला पाहिलं. तो म्हातारा माणूस लगबगीनं पुढं झाला, दोन्ही हातांनी बॉनेट खाली घेतलं, दाबून बसवलं आणि वरून थाप मारली.

"हां," तो म्हणाला. आणि बाजूला झाला.

मी तांदूळ वाहिले. वाकून चाकाखालची वीट काढली. रशीदच्या पोरानं जीप फाटकाबाहेर नेली, काही तांदूळ बॉनेटवरून घरंगळत रस्त्यापर्यंत पडत गेले.

अंगण मोकळं झालं. जीप उभी राहायची तिथं फरशीवर ऑइलचा मोठा काळा डाग होता, वर्षानुवर्षांचा. मथुराला बाहेर आणलं. आक्का म्हणाली, "इथं नका ठेवू, डाग हाय. नवी साडी हाय तिची."

मी म्हणालो, "इथंच ठेवा."